आतला कान, बाहेरचा कान : मोटारीतल्या शांततेची समीक्षा

डेव्हिड ओगिल्व्ही यांनी १९५८ साली रोल्स-रॉईससाठी लिहिलेली जाहिरात या क्षेत्रात आजही नमुना म्हणून दाखवली जाते. ताशी ६० मैल वेगाने धावणाऱ्या या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा, असा तिच्या मथळ्याचा आशय. हे विधान मुळात ओगिल्व्ही यांचे नव्हे. ‘द मोटर’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या तंत्रविषयक संपादकाने ते केले होते आणि जाहिरातीत तसा उल्लेखही आहे. त्याआधी, १९३३ मध्ये, पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकी मोटारीच्या जाहिरातीत घड्याळाच्या टिकटिकीची हीच कल्पना येऊन गेली होती. म्हणजे प्रतिमा तेव्हाच पंचवीस वर्षे जुनी होती. आजची माहितीपत्रके वाचली तर ती अजून निवृत्त झालेली नाही, हे दिसते. काच वर जाते, शहर मुके होते, आत बसलेला माणूस मंद हसतो.

साहित्याचा वाचक कोणत्याही मजकुराला एक साधा प्रश्न विचारतो : हे कोण सांगते आहे आणि कुठे बसून? ओगिल्व्ही यांच्या मजकुरातला निवेदक गाडीच्या आत बसलेला आहे. तीच गाडी ताशी सुमारे ९७ किलोमीटर वेगाने ज्याच्या दारावरून गेली, त्याला घड्याळ ऐकू आले नसणार. त्याला चाके ऐकू आली असणार. जाहिरात शांततेचे श्रेय इंजिनाला आणि तीन सायलेन्सरांना देते. रस्त्याकडेचा माणूस त्या कथेत पात्र म्हणूनही नाही. मोटारीतला टायरचा आणि रस्त्याचा आवाज कमी करण्याचे जे उपाय आज आहेत, ते आतल्या कानाने आणि बाहेरच्या कानाने असे दोनदा तपासावेत, एवढाच या लेखाचा प्रस्ताव आहे.

आवाज येतो कुठून?

आधुनिक मोटार ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ होतो. विजेवरच्या गाड्यांनी हे उघडे पाडले. इंजिनाचा पडदा गेला आणि त्यामागची घरघर समोर आली.

या आवाजाचे तीन मुख्य उगम आहेत. टायरच्या नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात आणि सुटतात, खाचांमध्ये हवा दाबली जाते आणि बाहेर फेकली जाते, हा पहिला. खडबडीत रस्ता टायरला हलवतो, ते कंपन रिम आणि सस्पेन्शनमधून गाडीच्या पत्र्यापर्यंत पोहोचते आणि पत्रा ढोलासारखा बोलतो, हा दुसरा. तिसरा फारसा कुणाला ठाऊक नसतो. टायरच्या आत कोंडलेले हवेचे कडे स्वतःच एक वाद्य असते. या कड्याचा मध्यव्यास अर्धा मीटर धरला तर परीघ सुमारे १.५७ मीटर होतो. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. भागाकार केला की सुमारे २१७ हर्ट्झ येतात. पेटी वाजवणाऱ्याला सांगायचे तर हा जवळजवळ पांढरी सहाचा सूर. खड्डा किंवा सांधा ओलांडताना गाडीत जो पोकळ ‘टंव्’ ऐकू येतो, त्यात या सुराचा वाटा असतो.

अभियंते या साऱ्याला आवाज, कंपन आणि ‘हार्शनेस’ अशा तीन शब्दांत बांधतात. तिसऱ्या शब्दासाठी त्यांनाही शेवटी माणसाच्या कानाकडे आणि पाठीकडे जावे लागते. आपल्या भाषेत या बाबतीत मोठी सोय आहे. खडखड, घरघर, खरखर, सूं, धप्प. मेकॅनिक ‘कसला आवाज येतो?’ असे विचारतो आणि गिऱ्हाईक यांपैकी एक शब्द काढते, तेव्हा निम्मे निदान झालेले असते. घरघर खालच्या पट्टीची. ती बहुधा पत्र्यातून येते. सूं वरच्या पट्टीचा. तो हवेतून, फटीतून येतो. दोघांवर एकच औषध चालत नाही.

आतल्या कानाचे उपाय

आपल्या बाजारात मात्र एकच औषध सर्रास दिले जाते. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बुटाइल रबराची, वरून अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख असलेली शीट मिळते. ती दारांत, जमिनीवर, डिकीत चिकटवतात. या शीटचे काम मर्यादित आणि चांगले आहे : थरथरणाऱ्या पत्र्याची थरथर ती शोषते. त्यासाठी सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. पत्र्याच्या मधल्या भागात, सुमारे चौथाई क्षेत्रावर लावली तरी बहुतांश फायदा मिळतो. पण शीट चौरस फुटावर विकली जात असेल तर ‘पुरे’ असे कोण सांगणार?

हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले की अडवणूक ढोबळमानाने ६ डेसिबलने वाढते. आणि फटीपुढे वजनही हरते. दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाइतकी उघडी फट राहिली, तर बाकी दार किल्ल्याच्या तटासारखे असले तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून जुन्या गाडीत पहिला खर्च शीटवर नव्हे, दाराच्या झिजलेल्या रबरावर व्हायला हवा.

टायरच्या आतल्या सुरावर कंपन्यांनी काढलेला उपाय देखणा आहे. कॉन्टिनेन्टल, मिशेलिन, पिरेली यांच्या काही टायरांत आतून पॉलियुरेथेन फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. तो हवेच्या कड्याचा सूर मारतो. रोगाचे नेमके निदान आणि तेवढेच औषध, असे याचे कौतुक करता येईल. पंक्चर झाले की त्या जागचा फोम कापून काढावा लागतो, हा त्याचा हिशेब. आणि बाहेरच्या कानाला या पट्ट्याचा जवळजवळ उपयोग नाही, कारण तो सूर मुळात रिममधून आत जाण्यासाठीच जन्मलेला असतो.

पुढची पायरी आवाजाने आवाज मारण्याची. ह्युंदाई समूहाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या प्रणालीत कंपनमापक रस्त्याचे धक्के टिपतात आणि गाडीतले स्पीकर उलट लहरी सोडतात. कंपनीने सांगितलेली घट ३ डेसिबलची. ३ डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी, हे खरे. मात्र कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल घट लागते. ‘निम्मा’ हा शब्द इथे गणितात खरा आणि अनुभवात अतिशयोक्त आहे. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांनी अशा आकड्यांकडे वळायला हरकत नाही.

या वाटेचे टोक पुन्हा रोल्स-रॉईसनेच दाखवले. २०२० च्या ‘घोस्ट’ मोटारीत शंभर किलोंहून अधिक ध्वनिरोधक साहित्य असल्याचे कंपनीने सांगितले. गाडी इतकी शांत झाली की आत बसणाऱ्याला भोवळल्यासारखे वाटू लागले, म्हणून अभियंत्यांनी सुटे भाग एका सुरात जुळवून आत एक हलकी कुजबूज ठेवली. १९५८ च्या घड्याळाची टिकटिक हा राहून गेलेला आवाज होता. २०२० ची कुजबूज हा रचलेला आवाज आहे. बाहेरचे जग पूर्ण पुसल्यावर त्याची एक सभ्य नक्कल आत ठेवावी लागली.

इथे आतल्या कानाची बाजूही नीट मांडली पाहिजे. गाडीतली शांतता हा निव्वळ चोचला नव्हे. सततची घरघर माणसाला थकवते, संभाषण तोडते. रोज दहा-बारा तास चाकामागे बसणारा टॅक्सीचालक किंवा एस.टी.चा चालक यांना तिची गरज सर्वांत जास्त आहे. पण शंभर किलोंचा लेप ज्या गाडीला लागतो तिचा मालक दिवसातून फार तर तासभर आत बसतो. जो सर्वांत जास्त वेळ ऐकतो त्याच्या दाराचे रबर बदलायला कुणाला सवड नसते. आतले कानही सगळे एका मोलाचे नाहीत.

बाहेरच्या कानाचे उपाय

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवरच्या लेबलात आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये आणि अ, ब, क अशा धाटणीच्या श्रेणीत द्यावा लागतो. १ मे २०२१ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही तो आहे. ग्राहक हा आकडा ‘माझ्या गाडीत किती आवाज येईल’ असा वाचतो. प्रत्यक्षात तो बाहेरचा, रस्त्याकडेला मोजलेला आवाज असतो. लेबल बाहेरच्या कानासाठी लिहिले जाते आणि आतल्या कानाने वाचले जाते. भारतातही एआयएस-१४२ या मानकात टायरच्या बाह्य आवाजाला जागा आहे, पण टायरच्या दुकानात त्याची चौकशी होताना ऐकू येत नाही.

दोन्ही कानांना एकदम दिलासा देणारे उपाय तीनच : नक्षी, रस्ता आणि वेग.

नक्षीचे रहस्य लयीत आहे. ठोकळे सारख्या लांबीचे असतील तर टायर एका सुरात शिटी घालतो. म्हणून ते लहान-मोठ्या लांबीचे, मुद्दाम विस्कटलेल्या क्रमाने मांडतात. आवाजाची एकूण ऊर्जा फारशी घटत नाही, पण ती अनेक सुरांत विखुरते आणि टोचत नाही.

हेच तत्त्व रस्त्याला लागू पडते. काँक्रीटच्या रस्त्यावर पकडीसाठी आणि पाणी जाण्यासाठी बहुधा आडव्या खाचा पाडतात. त्या दर २० मिलिमीटरवर सारख्या अंतराने असतील, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे चाक सेकंदाला सुमारे १,४०० खाचा ओलांडते. १,४०० हर्ट्झच्या आसपास कान चांगलाच तिखट असतो. याच खाचा रस्त्याच्या लांबीला समांतर घेतल्या तर ही शिटी मुळातच उरत नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याने २००३ पासून फिनिक्स परिसरातल्या काँक्रीटच्या द्रुतगती मार्गांवर रबरमिश्रित डांबराचा सुमारे इंचभर थर चढवला. आवाज ठळकपणे उतरला. काही वर्षांत थर झिजला आणि फायदाही ओसरत गेला. आता तिथे हिऱ्याच्या पात्यांनी काँक्रीटच घासून त्यावर बारीक उभ्या रेघा काढण्याकडे कल आहे. नेदरलँड्सने महामार्गांवर सच्छिद्र डांबर पसरले. ते पाणी पिते आणि आवाजही पिते, पण छिद्रे धुळीने बुजतात. आपल्या धुळीत ते किती दिवस टिकेल, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा उपाय फुकटचा आहे. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज साधारण ९ ते १२ डेसिबलने वाढतो. म्हणजे कानाला दुपटीच्या आसपास. रात्री वस्तीतून जाताना वेग उतरवणे हे कोणत्याही शीटपेक्षा परिणामकारक ध्वनिरोधन आहे. त्याची जाहिरात होत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

आपल्या देशात बाहेरचा कान कधी विचारात घेतलाच गेला नाही, असे नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, मध्य प्रदेशातल्या पेंचच्या जंगलात, वन्यप्राण्यांसाठी आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंती उभ्या केल्या आहेत. ते योग्यच झाले. माणसांसाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. पण आपली चर्चा भोंगे, फटाके आणि हॉर्न यांच्यापाशी थांबते. चाकाखालच्या घरघरीला नाव नाही, वेळ नाही, दोषी माणूस नाही. म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही नाही.

मुंबईत आणि इतर शहरांत रस्ते काँक्रीटचे होत आहेत. हे रस्ते पुढची अनेक वर्षे तसेच राहणार. खाच आडवी की उभी, अंतर सारखे की विस्कटलेले, सांधा किती सपाट, याचा निर्णय काँक्रीट ओले असतानाच होतो. नंतर तो घासून काढावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. निविदेत या कामासाठी दोन ओळी घातल्या, तर गाडीतल्या माणसाला शंभर किलोंचा लेप लागणार नाही आणि पहिल्या मजल्यावर झोपलेल्या मुलाला खिडकी बंद करावी लागणार नाही. पुढच्या वेळी ‘शांत’ हा शब्द माहितीपत्रकात दिसला, की वाचकाने शेजारी दुसरा आकडा मागावा : गाडी दारावरून जाते तेव्हाचा.