रेषा, रंग आणि हुबेहूबपणा

चित्र कसे वाटले, असे विचारले की आपल्याकडे बहुधा एकच दाद मिळते : ‘अगदी हुबेहूब!’ चित्र ओळखू आले नाही, की ‘मॉडर्न’ म्हणून आपण पुढे सरकतो. हुबेहूब काढणे हे कसब आहेच. पण चित्रकलेतील अनेक कसबांपैकी ते एक. सगळे याच मापाने मोजल्यामुळे आपल्याच समाजातील मोठे चित्रकार आपल्याला परके राहिले आहेत.

पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत उमेदवारीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवले. फलकावरचा चेहरा रस्त्यापलीकडून ओळखू यावा लागतो. तिथे बारकावे कामाचे नसतात. मोजक्या फटकाऱ्यांत आकार उभा करावा लागतो. हुसेन यांच्या घोड्यांतील जोर याच सवयीशी नाते सांगतो. मात्र हा वेग पुढे त्यांना नडलाही. उत्तरकाळातील कित्येक घोडे सरावाच्या हाताने काढल्यासारखे वाटतात. १९५५ च्या ‘जमीन’मधील गांभीर्य त्यांत नाही.

तय्यब मेहता (१९२५-२००९) यांची वाट उलटी. १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोड परिसरात जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी पाहिले. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर माणसे कोसळत राहिली. पण या चित्रांत दंगलीचा देखावा नाही. रंगांचे मोठे सपाट पट्टे आणि त्यांत अडकलेले शरीर, एवढेच. असा सपाट रंग लावणे दिसते तितके सोपे नव्हे. छटा जरा चुकली की आकृती पार्श्वभूमीत बुडते, नाहीतर वरून चिकटवल्यासारखी दिसते. मनास न आलेली चित्रे तय्यब नष्ट करून टाकीत.

नसरीन मोहम्मदी (१९३७-१९९०) यांच्या प्रौढ चित्रांत माणूस नाही, रंगही जवळजवळ नाही. कागद, शाई, पेन्सिल आणि सरळ रेषा. ‘हे तर फूटपट्टीचे काम’ असे कोणी म्हणेल. पण जवळून पाहावे. रेषांमधील अंतर घटते-वाढते, रेषा गडद होते, विरते, आणि कोरा कागद पाण्यासारखा हलू लागतो. स्नायूंवरचा ताबा हिरावणाऱ्या आजारातही त्यांनी रेषेची शिस्त सोडली नाही. अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांचे निधन झाले.

ही चित्रे जोखण्याचे माप बाहेरून आणायला नको. आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर खत्तातीची चौकट असते. खत्तात अलिफची उंची कलमाच्या टोकाने उमटणाऱ्या नुक्त्यांनी मोजतो. तो अलिफ कुणासारखा दिसतो, असे कोणी विचारीत नाही. तो तोलात उभा आहे की नाही, एवढेच आपण पाहतो. हीच नजर नसरीन यांच्या रेषेकडे आणि तय्यब यांच्या रंगाकडे वळवता येते. तसे झाले, तर वहीत नुसत्या रेघा ओढत बसलेल्या मुलीला ‘हे काय काढलंस?’ म्हणून दरडावण्याआधी आपण त्या रेघा नीट पाहू.