लोणारच्या गोष्टीत पुरावा कुठे आहे?

नागपूरकडच्या शाळांची सहल बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला निघाली, की मुलांच्या हाती एखादी माहितीपुस्तिका पडते. अशा पुस्तिका आणि लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत. त्यांत विवराचा १.८ किलोमीटर व्यास असतो, खारे पाणी असते, लवणासुराची कथा असते. आणि विवर अशनीच्या आघाताने झाले, असे एक वाक्य असते. वाक्य बरोबर आहे. पण ते कशावरून, हे बहुधा सांगितलेले नसते. पुराव्यावाचून सांगितलेली अशनीची गोष्ट आणि लवणासुराची कथा यांत मुलांनी फरक करायचा कसा?

शंका घ्यायला जागाही होती. भोवतालचा सारा काळा पाषाण ज्वालामुखीजन्य, तेव्हा विवरही ज्वालामुखीचेच असावे, असे अनेक भूवैज्ञानिक मानत. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निर्णायक पुरावा मांडला. विवराच्या तळात घेतलेल्या बोअरमधील खडकात त्यांना मॅस्केलिनाइट मिळाले होते.

हे मॅस्केलिनाइट म्हणजे काय? काळ्या पाषाणात प्लॅजिओक्लेज नावाचे खनिज भरपूर असते. त्याच्या स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर रचलेले असतात. क्ष-किरणांची तरंगलांबी साधारण या अंतराएवढीच असल्याने ते ठरावीक दिशांनाच जोरकसपणे विखुरतात आणि रेखीव रेषा उमटतात. स्फटिकाला जबर धक्का बसला, की तो आतून बारीक तुकड्यांत विभागतो, वाकतो. रेषा रुंद आणि फिक्या होतात. दाब वातावरणाच्या सुमारे तीन लाख पट झाला, की रचनाच मोडते. रेषा जातात, एक पसरट उंचवटा उरतो. भूपृष्ठाजवळच्या ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या विवरात १९६० साली कोएसाइट हे क्वार्ट्झचे उच्च दाबाखाली बनणारे रूप सापडले; तेही क्ष-किरणांनीच ओळखले गेले. आपल्या काळ्या पाषाणात क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. म्हणून इथे साक्ष द्यावी लागते ती प्लॅजिओक्लेजला.

मात्र क्ष-किरणांची साक्ष एकटी पुरत नाही. वितळून थिजलेली साधी काचही तसाच उंचवटा दाखवते. सूक्ष्मदर्शकाखाली मॅस्केलिनाइटच्या कणाचा मूळ आकार शाबूत दिसतो, आतली रचना मात्र नाहीशी झालेली असते. बाहेरून स्फटिक, आतून काच! दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच आघात सिद्ध होतो. विज्ञान निष्कर्षापर्यंत कसे पोचते, याचा इतका चांगला धडा घरच्या अंगणात असताना आपण तो वगळतो.

तो शिकवायला प्रयोगशाळाही लागत नाही. रात्री तलम रुमालातून दूरच्या दिव्याकडे पाहावे. धाग्यांच्या नियमित विणीमुळे ठिपक्यांची जाळी दिसते. रुमाल तिरपा ताणला, तर जाळीही तिरकी होते. रुमालाऐवजी कापसाचा पातळ थर धरला, तर जाळी जाऊन नुसता धूसर उजेड उरतो. दगडाच्या बाबतीत क्ष-किरण हेच करतात.

पुस्तिका लिहिणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : पुढच्या आवृत्तीत व्यासाशेजारी मॅस्केलिनाइटलाही चार ओळी द्या. आणि शिक्षकांनी परीक्षेत लोणार कशामुळे झाले असे न विचारता, ते कशावरून कळले असे विचारावे.