लाल रंग आणि धुरा

सिहोऱ्याच्या आमच्या घरात वडिलांच्या वेळचे एक सागवानी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ आहे. त्याला लागून मॉस्कोत छापलेली, दोन-चार रुपयांना मिळालेली, जाड पुठ्ठ्याची मराठी पुस्तके आहेत. खालच्या कप्प्यात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे वर्तमानपत्रातून कापलेले एक चित्र आहे. 1962 पूर्वी ते बैठकीच्या भिंतीवर होते. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका रात्री वडिलांनी ते उतरवले. फाडले नाही, चुलीत घातले नाही. पंचांगाखाली ठेवून दिले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. का उतरवले हे मी विचारले नाही, आणि पुढे विचारण्याची वेळ निघून गेली.

वडील चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला होते. कामगारांच्या सभांना जात, लाल बावट्याखाली बसत. त्या बावट्याचा रंग रशियाचाही होता आणि चीनचाही. मग एकाच रंगाची एक वस्तू वरच्या कप्प्यात आणि दुसरी पंचांगाखाली, हे कसे घडले? प्रश्न घरगुती आहे, पण आपल्या देशाने आणि त्याच्यामागून आपल्या वाङ्मयानेही नेमके हेच केले, असे मला वाटते. म्हणून तो येथे मांडतो.

प्रथम राष्ट्राचे पाहू. 30 डिसेंबर 1949 रोजी भारताने नव्या चीनला मान्यता दिली; 29 एप्रिल 1954 च्या करारात पंचशील आले; भाई-भाईच्या घोषणा झाल्या. त्याच सुमारास, फेब्रुवारी 1955 मध्ये, भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाला मॅंगनीज लागते, आणि मॅंगनीज आमच्या तुमसर तालुक्याच्या पोटात आहे. आमच्या बाजूला रशिया हा शब्द पुस्तकाआधी भट्टीच्या रूपाने आला, तो असा. म्हणजे 1955 च्या सुमारास दोन्ही लाल देश आपल्याला सारखेच जवळचे होते. मतांतर साम्यवादाविषयी असते, तर ते तेव्हाच दिसले असते.

पुढे 1959 मध्ये तिबेटचा उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने हल्ला केला. वाचक म्हणेल, यात कोडे ते कोणते? ज्याने मारले तो वैरी, ज्याने पोलाद दिले तो मित्र. हे उत्तर खोटे नाही. पण ते पुरेही पडत नाही. 1956 मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर आले. संयुक्त राष्ट्रांत हंगेरीत मुक्त निवडणुका व्हाव्यात असा ठराव आला, तेव्हा भारताने विरोधी मत दिले. 1968 मध्ये प्रागचे तेच झाले. सुरक्षा समितीत भारत तटस्थ राहिला. हंगेरियन माणसाची मान दाबली गेली तेव्हा आपण खाली पाहिले, कारण ती मान आपल्या हद्दीपासून फार दूर होती.

आमच्या धानाच्या मुलखात शेताच्या सीमेला धुरा म्हणतात. कोर्टात जाणारी बहुतेक भांडणे धुऱ्यावरची. चार कोसांवरच्या माणसाशी कोणी भांडत नाही. उलट नडीअडीला त्याच्याकडूनच बैलजोडी मागून आणतात. राष्ट्रे याच व्यवहाराने चालतात. कौटिल्याने हे मंडलाच्या भाषेत सांगितले: लगतचा तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र. व्हिएतनामही साम्यवादीच. पण फेब्रुवारी 1979 मध्ये चीनने त्याच्यावर चाल केली, तेव्हा चीनच्या दौऱ्यावर असलेले आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी दौरा आटोपता घेऊन परतले. साम्यवादाशी ज्यांचे कधीच जमले नाही अशा नेत्याला त्या दिवशी एका लाल देशाची बाजू जवळची वाटली. यात विसंगती नाही, धुरा आहे.

अमेरिकेकडे पाहिले तरी हेच दिसते. 1948 मध्ये टिटो स्टॅलिनपासून फुटला आणि लवकरच लाल युगोस्लाव्हियाला अमेरिकेची मदत मिळू लागली. फेब्रुवारी 1972 मध्ये निक्सन पेकिंगला गेले, तेव्हा व्हिएतनाममधले युद्ध चालूच होते. व्हिएतनामशी 1995 मध्ये राजनैतिक संबंध जुळले. नव्वद मैलांवरच्या क्युबावरील 1962 ची व्यापारबंदी मात्र आजही उठलेली नाही. क्युबाच्या बाबतीत फ्लोरिडात वसलेल्या निर्वासितांच्या मतांचे घरगुती राजकारणही आहे, हे खरे. तरीही मार्क्सच्या ग्रंथाची प्रत कोणाच्या घरात आहे यावरून कोणी मैत्री ठरवत नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

येथपर्यंत राज्याचा व्यवहार झाला. राज्याने धुरा पाहावा. ते त्याचे कामच आहे. माझी तक्रार निराळी आहे. आपल्या वाङ्मयानेही तोच धुरा आपला मानला.

अण्णा भाऊ 1961 मध्ये रशियाला गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्टॅलिनग्राडचा पोवाडा रचला होता, तो न पाहिलेल्या शहरावर. म्हणजे हा प्रवासी डोळ्यांआधी मनाने तेथे पोचलेला होता. त्यांच्या पुस्तकाचे बळ यातच आहे. वाटेगावहून मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, चिरागनगरच्या झोपडीत लिहिणारा हा माणूस परदेशाकडे पाहतो तो श्रमणाऱ्याच्या मापाने: येथे माणसाला काम आहे का, मान आहे का? मराठीतील पुष्कळशी प्रवासवर्णने हॉटेले आणि पुतळे मोजत असताना हे माप मला मोठे वाटते. पण पाहुण्याला जे दाखवले जात नव्हते ते पाहुण्याच्या पुस्तकात येणार कोठून? सैबेरियातील छावण्या, तोंड बंद केलेले लेखक यांना तेथे जागा नाही. अण्णा भाऊंचा हा दोष मी मोठा मानत नाही. दोष आम्हा वाचकांचा, की त्या एका पुस्तकाने आणि ‘सोव्हिएत देश’ नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांनी (ज्यांची कव्हरे आम्ही शाळेच्या वह्यांना घातली) आमचे समाधान झाले. मित्राच्या घरातले रडणे आम्ही ऐकले नाही.

कोटणिसांच्या वाट्याला याच्या उलट आले. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर सप्टेंबर 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या पथकातून चीनला गेला. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. 1942 मध्ये ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, बत्तिसाव्या वर्षी, वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून शांतारामबापूंनी 1946 मध्ये चित्रपट काढला. तो मी पुष्कळ उशिरा पाहिला. शांतारामबापूंचा कोटणीस मनात राहतो. पण पडद्यावरचा चीन हा त्याच्या त्यागाला लागणारा रंगमंच आहे, यापलीकडे तो जात नाही. आपण रडलो ते आपल्या मुलासाठी. ज्या चिनी शेतकऱ्याची जखम त्याने बांधली, त्याची ओळख आपण करून घेतली नाही. म्हणूनच 1962 मध्ये ते चित्र भिंतीवरून उतरवणे इतके सोपे गेले. वरच्या कप्प्यात गोर्की आहे. लू शुन माझ्या कपाटात आजही नाही.

वडिलांविषयी आता थोडे अधिक समजते. 1 नोव्हेंबर 1962 रोजी कॉम्रेड डांगे यांच्या अध्यक्षतेखालील पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनचा निषेध केला. तरी त्याच महिन्यात देशभर शेकडो साम्यवाद्यांना अटक झाली. डांगे एका बाजूला, बी. टी. रणदिवे दुसऱ्या बाजूला. दोघेही मराठी, दोघेही गिरणगावाच्या लढ्यातून आलेले. 1964 मध्ये पक्ष फुटला, त्याच्या कारणांपैकी चीन हे एक होते. जेथे पुढाऱ्यांना भिंतीवर कोण ठेवावा हे ठरवता आले नाही, तेथे खाणीतल्या एका कामगाराने चित्र उतरवले याला भित्रेपणा म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याने ते फाडले नाही, एवढे मी लक्षात ठेवतो.

रंग हे कारण नव्हते, याचा शेवटचा पुरावा अलीकडचा आहे. सोव्हिएत संघ 1991 मध्ये मोडला, रशियाचा लाल रंग गेला, मैत्री राहिली. 14 सप्टेंबर 2022 रोजी मॉस्कोत अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ते साम्यवादाशी उभा दावा असलेल्या पक्षाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते. रशियाचे सैन्य तेव्हा युक्रेनमध्ये होते. अण्णा भाऊंच्या जन्मशताब्दीचा दिवस 1 ऑगस्ट 2020. त्याच्या दीडच महिना आधी गलवानमध्ये आपले वीस जवान पडले होते. शाहिराचा पुतळा होतो याचा मला आनंद आहे. पण ज्या विचाराने तो रशियाला गेला, त्याचे नाव न घेता पुतळा उभा राहू शकतो, याचा अर्थ मित्रदेश आपल्याला त्याच्या विचारासाठी कधीच प्रिय नव्हता.

गलवान विसरा, असे मी म्हणत नाही. धुऱ्यावर पहारा हवाच. परंतु साहित्याला धुरा नसावा. मित्राच्या घरातील तुरुंग आणि वैऱ्याच्या घरातील चूल, दोन्ही ज्याला दिसतात त्यालाच मी लेखक म्हणेन. अण्णा भाऊंचे ते माप, काम आहे का, मान आहे का, घेऊन शेन्झेनच्या कारखान्यातील मुलीकडे पाहणारे मराठी पुस्तक मला वाचायचे आहे. आणि त्याच मापाने आजच्या मॉस्कोकडे पाहणारेही.

या दिवाळीला कपाट आवरताना ते चित्र मी पंचांगाखालून काढले. कागद पिवळा झाला आहे, घडीवर चिरला आहे. भिंतीवर लावण्याजोगा तो उरलेला नाही. वरच्या कप्प्यात, ‘माझा रशियाचा प्रवास’च्या शेजारी, उभा करून ठेवला आहे.