नावाला जागलेली बॅटरी

आमच्या राहात्याकडं विजेरी हा शब्द फक्त पाठ्यपुस्तकात भेटायचा. वस्तीवर तिचं नाव एकच, बॅटरी. आत भरायचे ते सेल, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मसाला. बॅटरी म्हणजे सेलांची जोडणी, उपकरणाचं नाव ते नव्हे, असं शाळेत कळलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "मग दुकानात जाऊन काय मागू, उपकरण?"

ती पितळी बॅटरी अजून घरात आहे. अंगावर उभ्या पन्हळी, अंगठ्याला अंधारातही बिनचूक सापडणारं सरकतं बटण आणि त्याखाली लुकलुकवण्यासाठी इवलंसं लाल बटण. मागचं झाकण फिरवलं की स्प्रिंग उडी मारून बाहेर येते. एकामागं एक तोंड करून बसलेले तीन सेल, दीड-दीड व्होल्टचे, म्हणजे साडेचार. दोन सेलवाल्यापेक्षा तीन सेलवाल्याचा बांधावर जरा जास्त वट असायचा, आणि त्यात प्रकाशाइतकाच वजनाचाही वाटा होता. कुत्रं अंगावर आलं तर तीन सेलांची बॅटरी हाणायलाही बरी.

मला तिचा प्रकाश आवडायचा तो मरतानाचा. 1866 साली लेक्लांशे या फ्रेंच माणसानं जो सेल घडवला, त्याचाच आमचा सेल हा कोरडा अवतार. मधे कार्बनची कांडी, भोवती काळी पूड, आणि बाहेरचं जस्ताचं भांडं. गंमत अशी, की हे भांडं नुसतं भांडं नसतं, तेच इंधन असतं. सेल स्वतःचं अंग खात खात उजेड देतो, म्हणून विसरून राहिलेला सेल शेवटी फुटून पाझरतो आणि बॅटरीची आतली नळी खराब करतो. पण त्याचं जाणं सावकाश. पांढुरका गोल पिवळा होई, मग तांबूस, मग बल्बमधली तार नुसती निखाऱ्यासारखी दिसे. दुसऱ्या दिवशी सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचे, की संध्याकाळी पुन्हा थोडी धुगधुगी. उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, एवढंच त्यातलं विज्ञान. आम्हांला मात्र म्हातारं माणूस उन्हाला बसवल्यासारखं वाटे.

आता वस्तीवर सगळीकडं लिथियमचे दिवे. आतला सेल बहुधा 18650 जातीचा, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. एकटाच 3.7 व्होल्ट देतो. पूर्ण भरला की 4.2. लिथियम-आयन सेल 1991 साली सोनीनं बाजारात आणले, आणि त्यामागच्या संशोधनाला 2019 चं नोबेल मिळालं. या दिव्याची खरी परीक्षा मात्र रात्री दारं धरताना होते. शेतीची लाइट आळीपाळीनं दिवसा आणि रात्री. रात्रीची पाळी आली की गव्हाच्या नाहीतर कांद्याच्या वाफ्यात उभं राहणं आलं. पूर्वी एका हातात फावडं, बॅटरी काखेत नाहीतर दातात, आणि बारं फोडायला वाकलं की उजेड भलतीकडंच. आता दिवा कपाळावर. मान वळेल तिकडं उजेड वळतो, दोन्ही हात मोकळे. या वस्तूच्या सगळ्या गुणांत मी पहिला नंबर यालाच देईन, लांब पल्ल्याला नाही. पल्लाही उपयोगाचा आहे म्हणा. उसाच्या कडेला दोन हिरवट ठिपके चमकले आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर हलले, तर ते आपल्याला लांबूनच दिसलेले बरे. प्रवरा काठच्या उसात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही.

दोष एकच, पण मोठा. हा सेल शेवटपर्यंत जवळजवळ तसाच झळझळीत जळतो आणि मग संरक्षणाची चकती त्याला एकदम तोडते. पेरूच्या बागेत मधोमध उभा असताना माझ्यावर ही वेळ आली. आधी तांबूस होणं नाही, सूचना नाही, डोळ्यांसमोर नुसतं काळं. समोरच्या पाटात पाणी वाजत होतं आणि उत्तरेला शिर्डीच्या दिव्यांची फिकट झाक होती, तेवढ्यावर घर गाठलं. त्या सेलवर 9900 एमएएच छापलेलं होतं. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये 3500 च्या आसपासच मावतं, हे नंतर समजलं.

एक गोष्ट मात्र दादांच्या बाजूनं गेली. नव्या दिव्यात सेल बहुतेक आतच बंद असतो. काढायचा नाही, घालायचा नाही. दिवा आणि बॅटरी वेगळी काढताच येत नाही. ते जन्मभर जे नाव घेत राहिले, ते वस्तूनं आता खरं करून दाखवलं.

तेव्हा घ्यायची तर उरलेला चार्ज दाखवणारी घ्या, आणि मंद उजेडाची पायरी आहे ना, ते दुकानातच लावून बघा. सेल फुगला तर वापरू नका, उकिरड्यावर किंवा चुलीत तर मुळीच टाकू नका. आणि रात्रीची पाळी असेल तर दुसरी खिशात ठेवा.