भोंगा, मळी आणि खंड : कंपनीच्या गावातील बालपण कसे वाचावे?

एखाद्या उद्योगाने गाव वसवायचे आणि तो उद्योग बंद पडल्यावर त्या गावात वाढलेल्यांनी त्याच्या आठवणी लिहायच्या, हा वाङ्मयव्यवहार युरोपात चांगला रुजलेला आहे. दक्षिण वेल्समधील कोळशाची खोरी हे त्याचे ठळक उदाहरण. 1984-85 च्या संपानंतर तेथील खाणी एकामागून एक बंद झाल्या. आज तिथे वाढलेली माणसे चाळींच्या रांगा, प्रार्थनामंदिरातील सामूहिक गायन आणि खाणीतून काळ्या तोंडाने परतणारे वडील यांविषयी लिहितात. हे लेखन गोड असते. त्या गोडव्याची परीक्षा कशी करायची, हा समीक्षेचा प्रश्न आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात तो आपल्या अगदी दाराशी आहे.

वेल्समध्ये हा प्रश्न 1939 या एकाच वर्षी तीन पुस्तकांनी उभा केला. रिचर्ड लेवेलिन यांच्या ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ या कादंबरीत ह्यू मॉर्गन आपले बालपण आठवतो. दोनच वर्षांनी जॉन फोर्ड यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि वेल्स म्हणजे ते हिरवे खोरे, अशी प्रतिमा जगभर पसरली. त्याच वर्षी बी. एल. कूम्ब्स या खाणकामगाराचे ‘दीज पुअर हँड्स’ हे आत्मकथन आले, आणि रॉन्डा खोऱ्यातील लुईस जोन्स यांची ‘वुई लिव्ह’ ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. कूम्ब्स आणि जोन्स यांच्याकडे मजुरी, अपघात, संघटना यांचा हिशेब आहे. लेवेलिन यांच्याकडेही संप आहे, मृत्यू आहे, घरावर चालून येणारा खाणीच्या राडारोड्याचा ढीगही आहे. पण आठवणीचा प्रकाश असा पडतो की, हे सारे एका सुंदर काळाचा अस्त म्हणून वाचले जाते. 1966 मध्ये एबरफॅन येथे तसाच ढीग शाळेवर घसरला. 144 माणसे गेली, त्यांत 116 मुले होती. त्यानंतर तो ढीग केवळ प्रतीक म्हणून वाचता येत नाही.

आता श्रीरामपूर तालुक्याकडे येऊ. 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. प्रवरेचे पाणी कालव्यांतून खाली आले आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना होता. त्याच्याभोवती साहेबांचे बंगले, कामगारांच्या चाळी आणि उसाचे मळे असे एक गाव वसले. पुढे तो कारखाना बंद पडला. वेल्समधील खाणगावाशी याचे साम्य उघड आहे. भोंग्यावर चालणारा दिवस, पत्र्याच्या शेडवरची काजळी, मळीचा वास, सगळ्यांचे बाप एकाच ठिकाणी कामाला. अशा वसाहतीत वाढलेल्यांच्या आठवणी स्मरणिकांतून, मेळाव्यांच्या निमित्ताने, वर्तमानपत्री सदरांतून विखुरलेल्या असतात आणि त्यांचा सूर बहुधा एकच असतो : तेव्हा सगळे एक होतो.

इथे एक फरक मात्र लक्षात घ्यावा लागतो. कोळसा जमिनीच्या पोटात असतो. ऊस जमिनीच्या पाठीवर वाढतो. त्यामुळे वेल्सच्या आठवणीत मुख्य प्रश्न श्रमाचा येतो, तर हरेगावच्या आठवणीत श्रमाबरोबर जमिनीचाही यायला हवा. आसपासच्या शेतकऱ्यांनी खंडाने दिलेल्या जमिनींवर कंपन्यांचे मळे पिकत होते. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या ताब्यातील जमिनी सरकारकडे गेल्या आणि 1963 मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. मूळ मालक ‘खंडकरी’ या नावानेच उरला. कॉ. माधवराव गायकवाड यांच्यासारख्यांनी या शेतकऱ्यांचा लढा दीर्घकाळ चालवला. जमिनी परत देण्यास सुरुवात व्हायला 2012 साल उजाडले. चाळीतल्या मुलाला जो मळा खेळायला मोकळा वाटला, तो खंडकऱ्याच्या मुलाला बापाची गेलेली जमीन म्हणून माहीत होता. गळीत हंगामापुरत्या कोप्या घालणाऱ्या ऊसतोड मजुराच्या मुलाला तर तो आईबापाच्या कोयत्याची जागा म्हणूनच दिसला. आणि याच हरेगावात डिसेंबर 1939 मध्ये महार वतनदारांची परिषद भरली, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनाच्या जमिनीचा प्रश्न मांडला. वेल्सची ती तीन पुस्तके आली, त्याच वर्षी. ‘सगळे एक होतो’ या वाक्यात या चौघांपैकी कोण कोण बसते?

याचा अर्थ आठवणीतील माया खोटी असते, असा नाही. मूल आपल्या उंचीवरून पाहते आणि त्याला दिसलेले खरेच असते. अडचण येते ती लिहिणारा प्रौढ झाल्यावरही त्याच उंचीवर बसून राहतो तेव्हा. यावरची वाट आपल्याच जिल्ह्यातील एका पुस्तकाने दाखवली आहे. भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील धामणगावचे दया पवार. त्यांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. जगलेला आणि लिहिणारा यांची अशी फोड केल्याने गावाची ओढ आणि गावाचा हिशेब एकाच पानावर राहू शकतात. एकाने दुसऱ्याला गप्प करावे लागत नाही. ह्यू मॉर्गनला असा ऐकणारा मिळाला नाही, म्हणून त्याचे खोरे हिरवेच राहिले.

कंपनीच्या गावांत वाढलेली पिढी आता उतारवयात आहे. तिने लिहावे, भरभरून लिहावे. मात्र बंगल्यांतील आणि चाळींतील मुलांनीच लिहिले, तर खंडकऱ्याचा सातबारा आणि मजुराची कोपी वाङ्मयातूनही खालसा होईल. म्हणून अशा पुस्तकांपुढे समीक्षकाने एक साधी कसोटी ठेवावी : भोंग्याचा आवाज किती हुबेहूब उतरला, हे जरूर पाहावे, पण भोंगा ज्या जमिनीवर वाजत होता ती कोणाची, हे लेखकाला कधी कळले आणि कळल्यावर त्याच्या गद्यात काय बदलले, हेही पाहावे. काहीच बदलले नसेल, तर ती आठवण सुरेख असूनही अपुरी आहे.