शिक्का आणि मोर्तब : ‘फॉरवर्ड’ संहितेच्या कर्तृत्वाचा प्रश्न

१

मोबाइलवरून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मराठी मजकुरांतील एक प्रकार आता इतका परिचित झाला आहे, की वाङ्मयीन व्यवहाराचा भाग म्हणून त्याची दखल घ्यावी असे सहसा कोणास वाटत नाही. पाऊस, आई, मैत्री, म्हातारपण, पुणेरी स्वभाव असा एखादा विषय. वीस-पंचवीस ओळींचा मुक्तछंद किंवा दोन-तीन परिच्छेदांचे गद्य. आणि आरंभी वा अखेरीस पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, कुसुमाग्रज यांपैकी एखादे नाव. मजकूर त्या लेखकाच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. कधी तर त्यात सेल्फी किंवा खुद्द व्हॉट्सॲपचाच उल्लेख येतो. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी निवर्तले, पु. ल. १२ जून २००० रोजी आणि व. पु. २६ जून २००१ रोजी. व्हॉट्सॲप अस्तित्वात आले ते २००९ साली. एवढी ढोबळ कालविसंगती मजकुराच्या पोटातच असूनही तो थांबत नाही.

याकडे थट्टा म्हणून पाहता येते, अज्ञान म्हणूनही पाहता येते. परंतु दोन्ही भूमिका प्रश्न मजकूर पाठविणाऱ्या व्यक्तीच्या मनोवृत्तीपाशी नेऊन सोडतात. प्रस्तुत लेखात हा प्रश्न संहितेच्या अंगाने मांडावयाचा आहे. खोट्या नावाने फिरणाऱ्या मजकुराचे कर्तृत्व नेमके कोणत्या प्रकारचे असते, जुन्या मराठी परंपरेतील सामूहिक कर्तृत्वाशी त्याचे नाते लावता येते काय, आणि ‘लेखकाच्या मृत्यू’विषयीचा सिद्धान्त त्याचे स्पष्टीकरण करू शकतो काय, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी लागणारी परिभाषा पाश्चात्त्य समीक्षेत शोधण्यापूर्वी ती मावळच्या दप्तरात शोधणे अधिक फलदायी ठरेल असे वाटते.

२

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे तालुके मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकास अपरिचित नाहीत. रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानद खोरे हा सारा मुलूख याच परिसरातला. रायगडापूर्वीची राजधानी राजगड ही वेल्ह्यातली. त्या तालुक्यास राजगड हेच नाव देण्याचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला. गडावरून सुटलेला कागद खोऱ्यातील देशमुख-देशपांड्यांच्या घरी पोचावयाचा आणि पिढ्यान्‌पिढ्या जपला जावयाचा. वतनाचा हक्क त्या कागदावर अवलंबून असल्यामुळे कागद अस्सल की बनावट हा प्रश्न येथे नेहमीच जिवाभावाचा होता.

या कागदांची रचना ध्यानी घेण्यासारखी आहे. पत्राच्या शिरोभागी शिक्का असे. त्यावरून कोणाच्या अधिकाराने लिहिले ते कळे. मजकूर संपला, की तळाशी मोर्तब होई. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील या अखेरच्या मुद्रेत ‘मर्यादा’ हाच शब्द आहे. पुढे पेशवाईतील पत्रांवर ‘लेखनसीमा’ असे शब्द येतात. दोहोंचा आशय एकच : पत्र येथे संपले, याखाली कोणी काही लिहिल्यास ते आमचे नव्हे. शिक्का अधिकार सांगतो, मोर्तब त्या अधिकाराची हद्द सांगते. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द आज आपण ‘मंजुरी’ एवढ्याच अर्थाने वापरतो. त्यातील दुसऱ्या पदाचा मूळ अर्थ बहुधा विसरला गेला आहे.

गोतसभेच्या महजरातही हेच तत्त्व निराळ्या रूपात दिसते. निवाड्यास हजर असलेल्यांची नावे लिहिली जात आणि ज्यांस अक्षर येत नसे ते आपली निशाणी करीत : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. लिहिता न येणारा माणूसही आपण काय मान्य केले त्यास बांधला जाई. बनावट कागद तेव्हाही होत, आणि पुष्कळ होत. परंतु बनावट करणाऱ्यासही शिक्का आणि मोर्तब दोन्ही बनवावे लागत. खोटेपणा करावयाचा तरी नियम मान्य करूनच करावा लागे. आणि म्हणूनच तो त्याच नियमाने पकडलाही जाई.

रोहिडखोऱ्यातील दोन कागदांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची मिती शके १५५१ची, म्हणजे १६३०ची होती. ती रूढ समजाविरुद्ध असल्यामुळे तिची इतर साधनांशी पडताळणी झाली, वाद झाले, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली ती २००१ साली. एका घरगुती टिपणास पंच्याऐंशी वर्षे उलटतपासणीस उभे राहावे लागले. दुसरा कागद म्हणजे रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांस १६४५ साली लिहिले गेल्याचे मानले जाणारे, ‘हिंदवी स्वराज्य’ या शब्दप्रयोगामुळे प्रसिद्ध झालेले पत्र. त्याच्या अस्सलपणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. वाद घालता येतो तो कशाच्या आधारे, एवढेच पाहावयाचे आहे : तारीख, पत्र ज्यास लिहिले तो माणूस, मायना, भाषा, नकलेचा इतिहास. हेच पत्र गडाच्या छायाचित्रावर एका ओळीच्या रूपाने मोबाइलवर येते तेव्हा दादाजी नाहीसा होतो, तारीख जाते, मायना जातो. पत्र अस्सल मानणारा आणि बनावट मानणारा, दोघांच्याही हातचा पुरावा एकदमच काढून घेतला जातो.

३

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. मराठी वाङ्मयाची मुख्य परंपराच परक्या नावाने रचना करण्याची आहे. मग आजच्या अनामिकाने पु. लं.चे नाव लावले तर बिघडले कोठे? नामदेवाच्या गाथेत एकाहून अधिक ‘नामे’ आहेत हे अभ्यासकांनी दाखविले आहे. ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव निराळे होत, असा पक्ष ‘भारद्वाज’ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’मधून मांडला. ख्रिश्चन नोवेत्झके यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या नामदेवपरंपरेच्या अभ्यासात ‘नामा’ हे नाव कीर्तनपरंपरेने मिळून वाहिलेले सामूहिक कर्तृत्व असल्याचे प्रतिपादिले आहे.

आक्षेप बलवान आहे, तरी साम्य वरवरचे आहे. नाममुद्रा धारण करणारा कवी त्या नावाच्या शिस्तीत प्रवेश करतो. दैवत, छंद, संप्रदाय, वारी, कीर्तनातील श्रोता या साऱ्यांनी त्याच्या रचनेस मर्यादा घातलेली असते. कीर्तनकार ‘तुका म्हणे’ असे उच्चारतो तेव्हा तो स्वतः श्रोत्यांपुढे उभा असतो. चुकला तर त्यास तेथेच अडविता येते. शिवाय या परंपरेने प्रक्षेपाकडे डोळेझाक केलेली नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, अशा आशयाचा इशारा दिला. स्वतः कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या संहितेत आपण लिहू नये असे म्हणावे, हे आपल्या पाठचिकित्सेचे आद्य सूत्र होय.

पोथी नकलणाऱ्या लेखकाचे उदाहरण याहूनही जवळचे आहे. जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये, असा संकेत पोथ्यांच्या अखेरीस आढळतो. ‘जसे आले तसे पाठविले’ हे आजचे वाक्य त्याचेच वंशज वाटते. परंतु नकलकार पुष्कळदा त्याच ठिकाणी आपले नाव, गाव आणि तिथीही देतो. म्हणजे तो दोष नाकारताना स्वतःस शोधता येण्याजोगे ठेवतो. आजचा प्रेषक दोषही नाकारतो आणि स्वतःही नाहीसा होतो.

एक घटक मात्र परंपरेतून थेट उतरला आहे : फलश्रुती. स्तोत्राच्या अखेरीस पठणाचे फळ सांगितलेले असते. अमुक इतक्या जणांस पत्र लिहा, लिहिल्यास लाभ, न लिहिल्यास हानी, अशी देवादिकांच्या नावाची पोस्टकार्डे एके काळी घरोघर येत. त्यांत फळ वाचनाकडून प्रतिलेखनाकडे सरकले. ‘मराठी असाल तर पुढे पाठवा’ हे त्याचे आजचे रूप. या प्रेरणेस इंटरनेटची गरज नाही, हे २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो या वार्तेने दाखवून दिले. विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले त्यास तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. वार्ता पसरली ती तोंडी, दूरध्वनीवरून आणि दूरचित्रवाणीवरून. यंत्राने वेग आणि विस्तार वाढविला. ‘पुढे पाठव’ ही आज्ञा जुनीच आहे.

४

रोलाँ बार्थ यांनी १९६७-६८च्या सुमारास लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती वाचकाच्या जन्मासाठी. फॉरवर्ड संहितेत या घोषणेची पूर्ती झाली, असे कोणास वाटेल : मूळ कर्ता अज्ञात, प्रत्येक वाचक संभाव्य संपादक. प्रत्यक्षात घडते ते उलट. येथे लेखकाचे नाव मेलेले नसून कधी नव्हते इतके सत्ताधारी झाले आहे. तोच मजकूर नावाविना आला तर दोन ओळींपलीकडे वाचला जात नाही.

मिशेल फूको यांचे १९६९चे विवेचन येथे अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते, ग्रंथांस लेखकाचे नाव जोडले जाऊ लागले त्यामागे लेखकास शिक्षा करता येणे हेही एक कारण होते. नाव ही मालकीची खूण होण्याआधी उत्तरदायित्वाची खूण होती. या दृष्टीने पाहता फॉरवर्ड संहिता लेखक-कार्याचे दोन तुकडे करते. नावाची प्रतिष्ठा ती ठेवते, नावाची जबाबदारी टाकून देते. मावळच्या भाषेत सांगावयाचे तर शिक्का आहे, मोर्तब नाही. मजकुराच्या तळाशी कोणीही आणखी चार ओळी घालाव्यात, कोणीही शिक्का बदलून पु. लं.चे व. पु. करावेत, ‘याखाली आमचे नव्हे’ असे म्हणणारे कोणी उरत नाही.

हे मराठीपुरते नाही. मेरी श्मिच यांनी १ जून १९९७च्या ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये लिहिलेला स्तंभ कर्ट व्हॉनेगट यांचे एमआयटी येथील दीक्षान्त भाषण म्हणून जगभर फिरला; त्या वर्षी तेथे प्रत्यक्ष भाषण केले होते कोफी अन्नान यांनी. २००० साली गार्सिया मार्केस यांची निरोपाची कविता म्हणून गाजलेली रचना जॉनी वेल्श या मेक्सिकन शब्दभ्रमकाराने आपल्या बाहुल्यासाठी लिहिलेली होती. बाहुल्यास आवाज देणे हा ज्याचा व्यवसाय, त्याचेच शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेले. दोन्ही प्रकरणांत खरे लेखक सापडले, कारण मूळ प्रकाशनाचा मागोवा घेता आला. मराठीत असा मागोवा फारसा कोणी घेत नाही. परिणामी जिचे लेखन पु. लं.च्या नावावर गेले ती तालुक्याच्या गावची शिक्षिका किंवा गृहिणी स्वतःच्या शब्दांची मालकी सिद्ध करू शकत नाही. तिने तसे म्हटल्यास तीच चोर ठरण्याचा संभव अधिक. पु. लं.ची कीर्ती या प्रकाराने कमी होत नाही. नुकसान होते ते या अज्ञात लेखिकेचे, आणि चांगले वाक्य प्रतिष्ठित नावाखेरीज वाचावयाचे नाही अशी सवय ज्या वाङ्मयव्यवहाराने लावली त्यात आपण समीक्षकही आलो.

५

थट्टेच्या बाजूनेही बोलावयास हवे. विडंबन ही मराठीची मोठी परंपरा आहे; ‘केशवकुमारां’ची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली, त्यापूर्वी बतावणी आणि भारूड होतेच. पण विडंबनास मूळ कविता ठाऊक असलेला वाचक लागतो. तो नसेल तर विडंबन पडते. खोट्या नावाच्या मजकुरास ती कविता ठाऊक नसलेला वाचक लागतो. ठाऊक असलेला भेटला की तो मजकूर पडतो. दोहोंत हसू असले तरी वाचकाशी असलेला करार परस्परविरुद्ध आहे.

हा भेद केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. तशा टोळ्यांविषयीचे मजकूर त्या काळात मोबाइलवर फिरत होते. भिक्षेसाठी गावोगाव जाणारे, परंपरेने गाणारे-सांगणारे लोक अनामिक मजकुराचे बळी ठरले. पु. लं.च्या नावाची निरुपद्रवी कविता आणि हा मजकूर यांत आशयाचे कसलेही साम्य नाही. परंतु कोणी लिहिले हे न विचारता पुढे पाठविण्याची वाचनसवय एकच आहे, आणि ती कवितेवर घडते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठविण्याची मर्यादा घातली; एप्रिल २०२०मध्ये वारंवार फिरलेल्या मजकुरास ती एका ठिकाणापुरती झाली. पाठचिकित्सकास यात कुतूहल वाटावे. ‘हे माझे नव्हे, नक्कल आहे’ एवढे सांगणारी ही खूण म्हणजे अर्धी पुष्पिका आहे. कोणाची नक्कल, केव्हाची, किती बदललेली, हे ती सांगत नाही. यंत्राने मर्यादा संख्येस घातली. संहितेस ती घालणे यंत्राच्या हाती नाही.

ते काम अभ्यासकांचे आहे आणि त्याची साधने आपल्यापाशी आहेत. कालविसंगती, शब्दकळा, मूळ प्रकाशनाचा शोध या कसोट्या आपण शकावल्यांस आणि गाथांस लावत आलो. त्या या मजकुरांस लावण्यात कमीपणा नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकेका मजकुराचे पाठभेद तारीखवार गोळा करावेत, कोणत्या प्रतीत कोणते नाव प्रथम चिकटले ते नोंदवावे आणि मिळाल्यास मूळ लेखकाचे नाव परत द्यावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यास पाठचिकित्सा शिकविण्यासाठी याहून जिवंत सामग्री आज दुसरी नाही. संशोधित प्रतीस एकनाथांनी तिथी आणि इशारा दोन्ही जोडले होते. निदान तिथी लिहिण्यापासून तरी आपण आरंभ करावयास हवा.