चौथा घात

अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांचे पाच शोधनिबंध १९५२ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त आले, पहिल्यात बर्नार्ड कॅट्झही सहलेखक होते. पाचवा मी पुन्हा पुन्हा वाचतो, तो त्यातल्या एका इवल्याशा आकड्यासाठी.

विषय माकुलाच्या चेतातंतूचा. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम. संदेश येतो तेव्हा पटलातून आधी सोडियमचे आयन आत घुसतात, मागोमाग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि काही मिलिसेकंदांत सारे आटोपते. लेखकांनी तंतूत बारीक तार सरकवून पटलावरचा विद्युतदाब जागच्या जागी रोखून धरला आणि आयनांचा प्रवाह मोजला. संदेशाला धावूच दिले नाही.

पोटॅशियमची वाट एकदम उघडत नाही. आधी रेंगाळते, मग भराभर मोकळी होते. ही रेंगाळ गणितात उतरवण्यासाठी त्यांनी ‘एन’ नावाच्या राशीचा चौथा घात घेतला: जणू चार कण एकाच वेळी जागेवर आले तरच वाट खुली. आणि लगेच सांगून टाकले की पाचवा किंवा सहावा घात कदाचित अधिक चांगला जुळला असता, पण तेवढ्यासाठी गुंतागुंत वाढवण्यात अर्थ वाटला नाही. आपली तडजोड इतक्या सरळपणे वाचकापुढे ठेवणारे वैज्ञानिक गद्य मला फार मोलाचे वाटते.

पुढे ती समीकरणे मोकळ्या तंतूला लावली. हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. संदेशाचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, खऱ्या तंतूत मोजलेला होता २१.२. समीकरणे बांधताना हा मोजलेला वेग वापरलाच नव्हता! तरीही दोघे बजावतात, या जुळणीला आमच्या कल्पनाचित्राचा पुरावा मानू नका.

१९९८ साली रॉडरिक मॅकिनन आणि सहकाऱ्यांनी एका जिवाणूतल्या पोटॅशियम वाहिनीची रचना क्ष-किरणांनी टिपली. चार सारखे घटक, मधोमध वाट. माकुलाच्या तंतूतली वाहिनीही चारच घटकांची आहे, आणि विद्युतदाब ओळखणारा भाग त्या प्रत्येक घटकात एकेक आहे.